डोंगर कोणी ढकलला? सत्तरीतल्या नववीच्या एका वर्गाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले एक हायस्कूल. नववीच्या वर्गात तीसेक मुले, बहुतेकांचे प्राथमिक शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झालेले. पुस्तके इंग्रजी असली तरी समजावणे मराठीतून चालते आणि मधल्या सुट्टीत कोंकणी. शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले की पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते. त्या मुलांना डोंगर हा शब्द शिकवावा लागत नाही.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर तालुका पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. भूगोलाच्या टीचरनी 'पर्वत कसे तयार होतात' हा विषय घेतला. वर्गातल्या एका मुलाच्या घरी गणपतीच्या मूर्ती करतात. त्याने उरलेली चिकण माती आणली. तिचे रंगीत थर एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंनी फळ्या दाबल्या, मध्ये सुंदर कमान उभी राहिली. तिच्यावर 'हिमालय' अशी चिठ्ठी लागली. जागा शिल्लक होती, म्हणून मुलांनी शेजारी तशीच एक छोटी कमान केली आणि तिच्यावर 'सह्याद्री' असे लिहिले.

टीचरना ती दुसरी चिठ्ठी खटकली. माझे शिक्षण भूशास्त्रातले आणि मी जवळच्याच उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो, म्हणून त्यांनी मला प्रतिकृती पाहायला बोलावले. पुढे जे घडले ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुठल्याही शाळेत हाच प्रश्न उभा राहू शकतो.

## अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता एक चिठ्ठी चुकली होती, ती काढून टाकली की झाले. पण मुलांशी बोलल्यावर कळले की चिठ्ठीमागे एक पक्की समजूत आहे: उंच आहे म्हणजे कोणीतरी दोन्ही बाजूंनी दाबले असणार. हिमालयाचा धडा त्यांनी मन लावून वाचला होता. सह्याद्री कसा झाला हे त्या धड्यात नव्हते, म्हणून रिकामी जागा त्यांनी हिमालयानेच भरली. यात मुलांचा दोष नाही. हाती असलेल्या एकमेव कारणाने त्यांनी दुसरी गोष्ट समजून घ्यायचा प्रयत्न केला.

दुसरी अडचण हिमालयाच्या प्रतिकृतीतच होती. मातीच्या कमानीत थर नुसते वाकतात. खऱ्या हिमालयात वाकण्याइतकेच, किंबहुना त्याहून मोठे काम तुटण्याने आणि सरकण्याने झाले आहे. भारतीय भूपट्ट (भूकवचाचा प्रचंड सरकता तुकडा) आणि युरेशिया (युरोप-आशियाचा तसाच तुकडा) सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भिडले. तेव्हापासून भारताच्या उत्तर कडेचे खडक कमी उताराच्या भेगांवरून एकमेकांवर चढत गेले. ज्या तिरक्या भेगेवरून वरचा खडक सरकत खालच्याच्या माथ्यावर जाऊन बसतो, तिला थ्रस्ट फॉल्ट म्हणतात. त्यामुळे आडवे अंतर कमी होते आणि जाडी वाढते. मेन सेंट्रल थ्रस्ट, मेन बाउंडरी थ्रस्ट आणि मेन फ्रंटल थ्रस्ट या हिमालयातल्या तीन मुख्य भेगा. उत्तरेकडून दक्षिणेकडे याच क्रमाने त्या येतात, आणि साधारण याच क्रमाने तयारही झाल्या. मेन बाउंडरी थ्रस्टपाशी जुने खडक पायथ्याच्या तरुण शिवालिक खडकांवर चढून बसलेले आढळतात. शांतपणे साचलेल्या थरांत जुना खाली आणि नवा वर असतो. तो क्रम उलटलेला दिसला की थ्रस्टची शंका घ्यायची. मातीच्या कमानीत यातले काहीच दिसत नव्हते.

तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. 'सह्याद्री दाबाने झाला नाही' एवढेच सांगून गप्प बसलो असतो, तर मुलांनी 'म्हणजे गोव्यात दाब कधी पडलाच नाही' असे धरले असते. ते तर साफ खोटे आहे. गोव्याचे जुने खडक, म्हणजे डिचोली-सत्तरीतले फिलाइट (दाबाने पापुद्रे पडलेला चिखलाचा खडक), ग्रेवॅके (चिखलमिश्रित वाळूचा खडक) आणि लोहखनिजाचे पट्टे, २५० कोटी वर्षांहून जुने आहेत आणि कमालीचे चुरगळलेले आहेत. दाबाचा पुरावा मुलांच्या पायाखाली होता आणि समोर दिसणारा डोंगर त्या दाबाचा नव्हता.

## समोर असलेले पर्याय

टीचर, विज्ञानाचे एक सर आणि मी असे तिघे बसलो. चिठ्ठी काढून प्रदर्शनाला जाण्याचा मार्ग सर्वांत सोपा होता. तारीख जवळ होती आणि परीक्षकांनीही हरकत घेतली नसती. टीचरनी तो लगेच नाकारला. मुलांनी स्वतः काढलेला निष्कर्ष न समजावता पुसला, तर पुढच्या वेळी ती निष्कर्ष काढणारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले.

सरांनी संगणकावरचे चलचित्र दाखवायचे सुचवले. त्यात भारत सरकतो, आदळतो, हिमालय वर येतो. चित्र देखणे असते, पण मुले नुसती पाहतात. किती ढकलले, किती जाडी वाढली, हे त्यांना मोजता येत नाही.

लोहखनिजाच्या खाणीत नेऊन घड्या दाखवाव्यात हा विचार माझ्या मनात सर्वांत आधी आला होता, कारण खाणीच्या कापलेल्या भिंतीत त्या फार स्पष्ट दिसतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये थांबलेल्या कित्येक खाणींत पाणी साचलेले होते, कडा ढासळत्या होत्या आणि परवानगीचा व्याप मोठा. चौदा वर्षांच्या मुलांना तिथे नेणे योग्य नव्हते. या निर्णयावर आमची फार चर्चा झाली नाही.

शेवटी वाळूची पेटी ठरली, आणि जोडीला घाटरस्त्याची एक फेरी. वाळूची पेटी नवी कल्पना नाही. स्कॉटलंडमधले थ्रस्ट समजून घेण्यासाठी हेन्री कॅडेल यांनी १८८० च्या दशकात पेटीत थर भरून ते ढकलून पाहिले होते. आजही विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे होतो. कोरडी वाळू निवडण्याला कारण आहे. भूकवचाचा वरचा भाग थंड आणि ठिसूळ असतो, घर्षणाची मर्यादा ओलांडली की तो तुटून सरकतो. लहान प्रमाणावर कोरडी वाळूही तशीच वागते. चिकण माती वाकते, वाळू तुटते.

## पेटीतले काम

गावातल्या सुताराने ८० सेंटीमीटर लांबीची लाकडी पेटी करून दिली. एका लांब बाजूला काच लावली आणि एका टोकाला पुढे सरकणारी फळी. नदीची वाळू उन्हात वाळवून चाळली. पांढऱ्या वाळूच्या थरांमध्ये चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) लाल पुडीचे पातळ थर दिले. सगळे मिळून ४ सेंटीमीटर जाडी झाली.

मुलांनी फळी हळूहळू ढकलायला सुरुवात केली. आधी फळीजवळची वाळू किंचित फुगली. मग काचेतून एक तिरकी रेघ उमटली आणि लाल थर तिच्यावरून सरकून स्वतःच्याच पुढच्या भागावर चढला. वर्गात एकदम आवाज झाला. थोडे आणखी ढकलल्यावर त्या भेगेवरची हालचाल मंदावली आणि पुढे, अजून न हललेल्या वाळूत, दुसरी भेग पडली. मग तिसरी. मागचे तुकडे पुढच्यांच्या पाठीवर बसून अधिकाधिक उभे होत गेले आणि छपरावरच्या कौलांसारखी रांग तयार झाली. हिमालयातल्या तीन थ्रस्टचा उत्तरेकडून दक्षिणेकडचा क्रम इथे फळ्यावर लिहावा लागला नाही. फळीला उत्तर मानले की तो समोरच दिसत होता.

२० सेंटीमीटर ढकलून झाल्यावर टीचरनी सगळ्यांना थांबवले आणि मोजायला सांगितले. हा निर्णय त्यांचा, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला. लांबी ८० वरून ६० झाली, म्हणजे २५ टक्के आकुंचन. फळीपाशी जाडी ९ सेंटीमीटर झाली होती, तिथून ३२ सेंटीमीटरपर्यंत ती कमी होत गेली आणि पुढची २८ सेंटीमीटर वाळू जागची हललीच नव्हती. एका मुलीने काचेवरचे क्षेत्रफळ काढले. सुरुवातीला ८० गुणिले ४, म्हणजे ३२० चौरस सेंटीमीटर. आता ६० गुणिले ४ म्हणजे २४०, आणि वरच्या त्रिकोणाचे ३२ गुणिले ५ भागिले २ म्हणजे ८०. बेरीज पुन्हा ३२०. वाळू कुठे गेली नव्हती, आडवी होती ती उभी झाली होती. भूशास्त्रज्ञ हिमालयाचा आडवा छेद काढून खडकांचे तुकडे कागदावर पूर्ववत मागे सरकवतात आणि मूळ लांबी शोधतात, तेव्हा याच हिशेबावर विसंबतात. त्या कामातून हिमालयातले आकुंचन शेकडो किलोमीटरचे निघते. आजही भारत आणि युरेशिया वर्षाला ४ ते ५ सेंटीमीटरने जवळ येतात, आणि त्यातले सुमारे २ सेंटीमीटर हिमालयात शोषले जातात. दर १० लाख वर्षांना २० किलोमीटर.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, वाळू चारची नऊ झाली. मग तिबेटखालचं कवच दुप्पट झालं तर तिबेट तीस-पस्तीस किलोमीटर उंच का नाही?"

हा प्रश्न नववीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. 'पुढे शिकाल' म्हणून तो बाजूला ठेवता आला असता. टीचरनी माझ्याकडे पाहिले आणि आम्ही थांबून उत्तर द्यायचे ठरवले. पेटीचा तळ लाकडी आहे, तो खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे वाढलेली सगळी जाडी वरच दिसते. खरे भूकवच मात्र खालच्या जड प्रावरणावर तोललेले असते. पाण्याचे टब आणले, एकाच लाकडाचे जाड आणि पातळ ठोकळे सोडले. जाड ठोकळा वरही जास्त आला आणि खालीही जास्त बुडाला. मग फळ्यावर आकडे: कवचाची घनता २.८, प्रावरणाची ३.३. साधारण ३५ किलोमीटरचे कवच ७० किलोमीटर झाले, तर वाढलेल्या ३५ किलोमीटरांपैकी वर येतो फक्त ०.५ (दोन्ही घनतांतला फरक) भागिले ३.३ इतका हिस्सा, म्हणजे सुमारे ५.३ किलोमीटर. बाकीचे सगळे खाली मुळासारखे उतरते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ५ किलोमीटरच्या आसपासच आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तो भागाकार वहीत पुन्हा करून पाहिला.

पेटीची आणखी एक मर्यादा सांगणे भाग होते. तिथे सगळे सावकाश, अखंड चालते. जमिनीत भेग दशकानुदशके अडकून राहते आणि मग एका क्षणात सुटते. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ तीव्रतेचा भूकंप असाच हिमालयाखालच्या कमी उताराच्या थ्रस्टवर झाला, आणि काठमांडू परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला. वर्गात नेपाळहून कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबातली एक मुलगी होती. हा भाग वर्गात घ्यायचा की नाही हे टीचरनी आधी तिला आणि तिच्या आईला विचारले. मुलीने स्वतः सांगायची तयारी दाखवली. तिचे गावचे घर त्या वेळी पडले होते. तिचे बोलणे झाल्यावर वर्गाने भूकंपाबद्दल विचारलेले प्रश्न अधिक जबाबदारीचे होते. न विचारता तो भाग घेतला असता, तर एका मुलीचे दुःख आमच्या धड्याचे साहित्य झाले असते.

## घाटरस्ता आणि एक दगड

दिवाळीनंतर, हवा स्वच्छ असताना, शाळेची बस केरीकडून चोर्ला घाटाच्या रस्त्याने नेली. अंजुणे धरणाच्या परिसरात थांबून मुलांना दोनच गोष्टी पाहायला सांगितल्या: जवळच्या खडकाचे पापुद्रे कोणत्या दिशेने आणि किती कललेले आहेत, आणि दूरच्या उंच कड्यांवरच्या पट्ट्या कशा आहेत.

रस्त्याच्या कापात फिलाइट होते, पापुद्रे चांगलेच तिरके. इथे एक काळजी घ्यावी लागते. फिलाइटचे पापुद्रे म्हणजे मूळ गाळाचे थर असतीलच असे नाही, दाबामुळे खनिजे नव्याने रांगेत बसूनही ते तयार होतात. मुलांना मी एवढेच सांगितले की हा खडक एके काळी समुद्रतळावरचा चिखल होता आणि तो खोल दाबला गेला, भाजला गेला. वर ईशान्येकडे, डोंगरमाथ्यांवर, दख्खनच्या बेसॉल्टचे थर आहेत. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आणि जवळजवळ आडवे.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, मुलांनी तर्क पुरा केला. हे डोंगर हिमालयासारखे ढकलून झाले असते, तर वरचे थर पेटीतल्या लाल थरांसारखे तुटलेले, चढलेले, उभे झालेले दिसायला हवे होते. ते सपाट आहेत. म्हणजे खालचा दाब फार जुना, वरचा लाव्हा साचण्याच्या कितीतरी आधीचा. लाव्हानंतर इथे आडवे ढकलणे झालेले नाही.

मग ही भिंत कशाची? भारताची पश्चिम कड ताणून तुटलेली आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर वेगळा झाला, आणि लाव्हाच्या काळाच्या आसपास सेशेल्स. तुटलेल्या काठाजवळची उंच जमीन नद्यांनी समुद्राच्या बाजूने कुरतडली आणि कडा पूर्वेकडे मागे सरकत गेला. झिजेने वजन कमी झाले की जमीन थोडी वरही उचलली जाते, टबातल्या ठोकळ्यावरचे ओझे काढल्यासारखी. चोर्ल्याच्या माथ्यावर पोचल्यावर पलीकडे उतार नव्हता, पठार होते. सह्याद्री हा पठाराचा झिजलेला काठ आहे हे त्या सपाटीवर उभे राहून जितके कळले, तितके ते नकाशावरून कधी कळले नसते.

परतल्यावर डिचोलीकडच्या एका मुलीने घरातला दगड आणला. तिचे वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवत. काळ्या-लाल पट्ट्यांचा तो लोहखनिजाचा दगड, पट्ट्या नागमोडी. टीचरनी एका पट्टीवर सुतळी वळणावळणाने लावायला सांगितली. सुतळी ३१ सेंटीमीटर भरली आणि दगडाची सरळ रुंदी १९. म्हणजे त्या पट्टीचे किमान ३९ टक्के आकुंचन. किमान अशासाठी, की दाबाने पट्टी जाड झाली असेल तर सुतळीला ते कळत नाही. आणि एका दगडाची घडी म्हणजे अख्ख्या गोव्याचे आकुंचन नव्हे, हेही फलकावर लिहायला लावले. उत्तर गोव्यातले लोहखनिजाचे पट्टे साधारण वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेले आहेत, तेव्हा त्या जुन्या दाबाची मुख्य दिशा त्यांना काटकोनात, ईशान्य-नैऋत्य असावी, हा अंदाज मुलांनी नकाशावर पट्टी ठेवून स्वतः काढला. त्या दाबाने त्या काळी डोंगर उभे राहिले असतील, तर ते केव्हाच झिजून गेले. उरली आहेत ती खोलवर घडी पडलेली मुळे.

## निष्पत्ती

प्रदर्शनात चिकण मातीची कमान गेली, पण वाळूच्या पेटीच्या शेजारी, 'आम्ही आधी असे समजत होतो' या पाटीसह. पाटी ठेवायची की नाही यावर मुलांतच मतभेद होते. काहींना चूक मिरवल्यासारखे वाटत होते. टीचरनी मतदान घेतले नाही. ज्या गटाने कमान केली होती त्यांनाच ठरवू दिले, आणि त्यांनी ती ठेवली. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. पेटीभोवतीची गर्दी मात्र शेवटपर्यंत हटली नाही, कारण बघणाऱ्यांना फळी ढकलू दिली जात होती.

नंतरच्या घटक चाचणीत टीचरनी एक खुला प्रश्न टाकला: हिमालय आणि सह्याद्री यांच्या खडकांत कोणता फरक शोधाल? बहुसंख्य मुलांनी थर आडवे की चढलेले याचा उल्लेख केला. काही उत्तरपत्रिकांत सह्याद्री अजूनही दाबाने झालेलाच होता. त्यातली तीन मुले फेरीच्या दिवशी गैरहजर होती. वर्गातली पेटी सगळ्यांनी पाहिली होती, तरी प्रत्यक्ष कड्याचे काम तिने एकटीने केले नाही.

## पुन्हा करताना

घाटाची फेरी आधी आणि पेटी नंतर, असा क्रम मी पुढच्या वेळी सुचवेन. आडवे आणि तिरके थर आधी पाहिले की पेटीत काय शोधायचे ते ठरते. वेळ मात्र पाळायला हवी. पावसाळ्यात आणि लगेच नंतर रस्त्याचे काप हिरवळीने झाकलेले असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये खडक जास्त दिसतो. त्यासाठी प्रदर्शनाचे वेळापत्रक सोडावे लागले तरी हरकत नाही.

पाण्याचा टब पेटीच्या बरोबरीने सुरुवातीपासून मांडावा. आमच्याकडे तो प्रश्न आला म्हणून आला. कोणी विचारले नसते तर वाळूची ९ सेंटीमीटर उंची हीच डोंगराची उंची, असे मनात घेऊन मुले घरी गेली असती.

काचेजवळ वाळू घर्षणाने रेंगाळते, त्यामुळे तिथली भेग मधल्या भागातल्या भेगेपेक्षा वेगळी दिसते. प्रयोग संपल्यावर वाळूवर हलके पाणी फवारून, ती घट्ट झाल्यावर सुरीने मध्ये कापावी. आतला छेद अधिक खरा असतो, आणि कापण्याचे काम मुलांना फार आवडेल.

टीचरना पुढच्या वर्षी दोन पेट्या हव्या आहेत: एकीचा तळ खरखरीत, दुसरीचा गुळगुळीत. तळाचे घर्षण कमी असले की वाळूची पाचर (ढकलून झालेला उतरता ढीग) लांब आणि सपाट होते, जास्त असले की आखूड आणि उंच. तिसऱ्या एका प्रकारात, ढकलता ढकलता माथ्यावरची वाळू चमच्याने काढत राहायची. झीज चालू ठेवली की पुढे नव्या भेगा पडण्याऐवजी मागच्या जुन्या भागातच हालचाल सुरू राहते. पावसाने झिजणाऱ्या डोंगराच्या आतल्या भेगाही त्यामुळे बदलतात, हे मुलांना हातानेच करून पाहता येईल. त्या पेट्यांसाठी काच लावायची की ॲक्रिलिक, यावर सुतार आणि टीचर यांचे बोलणे अजून चालू आहे.